लेकीचं मनगट

सावळीरामने लेकीच्या हाती काठी दिली ती ओढा आटल्यावर.

एरवी मुसळदऱ्याचा ओढा संक्रांतीपर्यंत तरी वाहायचा. काठावर बायका धुणी धुवायच्या, गुरं पाण्यावर यायची, कोणी ना कोणी दगडावर बसून अंग घासत असायचं. फाट्यावरून गावात येणारी वाट त्या ओढ्यातूनच होती आणि ती कायम राबती असायची. दोन हजार दोन साली पाऊस रोहिणीत एकदा आणि हस्तात एकदा तोंड दाखवून गेला. दिवाळीला ओढ्यात वाळू तेवढी उरली. धुणी हापशावर गेली, गुरं बाजारात गेली, आणि त्यांच्यामागची माणसंही वाटेवरून उठली. वाळू उपसायला तेवढा धनराजचा ट्रॅक्टर यायला लागला.

धनराज वरच्या आळीतल्या मोठ्या घरातला. पंचविशीचा, मोटारसायकलवाला. सावळीरामची लेक तेजल सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत पॅकिंगला होती. पहाटे सहाची जीप फाट्यावर धरायची, संध्याकाळी पाचला फाट्यावर उतरायचं आणि दीड मैल चालत घरी. सकाळी सावळीराम तिला फाट्यापर्यंत सोडून पुढे पाझर तलावाच्या कामावर जाई. ते काम दिवस मावळेपर्यंत चाले. त्यामुळे संध्याकाळची वाट तिची एकटीची.

तिने आईला सांगितलं, आणि लताबाईने भाकरी थापता थापता नवऱ्याला.

"वाळूवाला गाडी आडवी लावतो वाटंत. बोलत काय नाय. नुसता हसतो अन् बाजूनं जायला लावतो."

"कवापासनं?"

"आठ-पंधरा दिस झाले." लताबाईने भाकरी उलटली. "कंपनी सोडू दे तिला. माझ्या भावाला सांगते, स्थळ बघंल माघात."

तेजल भिंतीशी बसून डाळ निवडत होती. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, अंगाने बापासारखी काटकुळी. मान वर न करता म्हणाली, "मी सोडनार नाय."

सावळीरामने हात धुतले. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खुंटीवर आडवी काठी होती. कळकाची, वर्षानुवर्षं तेल पाजून काळीभोर झालेली, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणाची शाम बसवलेली. ती त्याच्या बापाची. वस्तीच्या पथकात चौदा एप्रिलला मिरवणुकीपुढे सगळ्यात आधी तीच फिरायची, आणि बाप गेल्यावर ती सावळीरामच्या हाती आली होती. त्याने ती काढली, फडक्याने पुसली आणि लेकीसमोर धरली.

"उद्यापासनं पहाटं उठायचं," तो म्हणाला.

महिनाभर तो पहाटे अंगणात तिला शिकवत होता. पाय कसे टाकायचे, कंबर कशी वळवायची, मनगट सैल ठेवून काठी कशी सोडायची. पहिल्यांदा तिच्या नडगीवर बसली, मग कोपरावर. तिने ती पुन्हा उचलली. दहाव्या दिवशी काठी तिच्याभोवती गरगरायला लागली आणि हवेत भुंग्यासारखा आवाज घुमला, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या लताबाईनेही मान वळवून पाहिलं. सावळीरामला आपला बाप आठवला. म्हातारा असाच मान थोडी तिरकी करायचा.

पण काठी घेऊन कंपनीत जायचं म्हणजे सोपं नव्हतं. जीपवाला म्हणाला, आत नको, टपावर टाक. टपावर टाकली तर वाटेत ती घरंगळली आणि मागच्या माणसाला उतरून आणावी लागली. जीपमधले लोक हसले. कंपनीच्या गेटवर वॉचमनने विचारलं, "मेंढरं कुठं हायेत?" रोज सकाळी ती काठी त्याच्या केबिनमागे ठेवायची आणि सुटताना मागून घ्यायची. कधी तो मुद्दाम शोधायला वेळ लावी. पॅकिंगच्या बायकांनी तिचं नाव काठीवाली पाडलं. तेजल हे घरी हसत सांगे. सावळीराम हसत नसे.

मार्गशीर्ष सरता सरता एका संध्याकाळी ती काठीशिवाय घरी आली. दोन्ही तळव्यांची सालटी निघाली होती.

"काठी कुठं हाय?" आईने विचारलं.

"त्यानं फेकली बाभळीत."

लताबाईने पाण्याची कळशी पुढे ओढली आणि लेकीचे हात धुवायला घेतले. तेजल भिंतीकडे बघत सांगत होती. "गाडीवरनं उतरला अन् जवळच आला एकदम. मी फिरवायला गेले, तर फिरवायला जागाच नाय. त्यानं टोक धरलं. मी सोडली नाय. तो वढायला लागला तशी मी काठीसंगं त्याच्या अंगावर गेले." ती थांबली. "मग हसला. म्हनला, शिकवनीला आलीस व्हय. अन् फेकली."

सावळीराम दुसऱ्या दिवशी धनराजच्या बापाकडे गेला. ओसरीवर त्याला बस म्हणालं नाही कोणी. धनराजचा बाप सुपारी कातरत होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पोरगं हाय, थट्टा करतंय. पन सावळीराम, तुमची पोरगी काठी घेऊन हिंडते म्हनं. हे बरं दिसत नाय पोरीच्या जातीला."

तो तसाच परत फिरला. बाभळीत काठी सापडली. काट्यांतून काढताना हात ओरबाडले ते त्याला घरी आल्यावर कळलं.

त्या रात्री जेवताना लताबाई म्हणाली, "पैलवानाकडं जावा."

सावळीरामने घास तसाच ठेवला. गावात पैलवान म्हटलं की एकच, वरच्या आळीतला चिमाजी. आणि त्याच्या अंगणात सावळीराम पंधरा वर्षांत गेला नव्हता. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून बांधावर भांडण झालं होतं. चिमाजीने सावळीरामच्या म्हाताऱ्या बापाचा गळा धरला आणि सावळीरामने धावत येऊन काठी घातली. पैलवानाचं उजवं मनगट मोडलं. ते वाकडंच जुळलं आणि चिमाजीची कुस्ती संपली. त्याने दवाखान्यात सांगितलं, बैलगाडीवरून पडलो. असं का सांगितलं, ते कोणाला कळलं नाही. काठीचा मार खाल्ल्याची पैलवानाला लाज वाटली असेल, असं वस्तीत म्हणायचे. वरच्या आळीत म्हणायचे, त्याला केस नको होती. सावळीराम स्वतः कधी काही म्हणाला नाही. वाटेत गाठ पडली तर दोघं दोन बाजूंना बघत.

"तो शिकवंल का?" त्याने विचारलं.

"नाय म्हनला तर घरी या," लताबाई म्हणाली. "ताट झाकून ठिवते."

रविवारी कामाला सुट्टी असायची. सकाळी तो तेजलला घेऊन वरच्या आळीला चढला. चिमाजी अंगणात बाजेवर बसून दोर वळत होता. साठीचा माणूस, कान चेंगरून लाडवासारखे झालेले, मान अजून जाड. दोर वळताना डावा हात चाले, उजवा नुसता धरून राही.

त्याने बापलेकीकडे पाहिलं आणि दोर मांडीवर ठेवला.

"काय काम काढलं? पान्याचं?"

"पानी कुठं राह्यलंय, पैलवान."

चिमाजीला हसू आलं असावं, पण त्याने ते दाबलं. "बस," तो म्हणाला.

सावळीराम ओट्याच्या पायरीवर बसला. जे घडलं ते त्याने सांगितलं, अडखळत, कुठलाही शब्द न वाढवता. धनराजच्या बापाची गोष्ट आली तेव्हा चिमाजीची बायको बयाबाई दारात येऊन उभी राहिली. सांगून झालं. बयाबाई आत गेली आणि चहा घेऊन आली. सावळीरामने हातातल्या कपाकडे पाहिलं. कान मोडलेला, पण घरातलाच कप होता. चिमाजीच्या कपालाही कान नव्हता.

"पोरी, हात दाव," चिमाजी म्हणाला.

तेजलने तळवे पुढे केले. त्याने हात न लावता वाकून पाहिले.

"काठी का नाय सोडलीस मंग?"

"आण्नांची व्हती," ती बापाकडे बघत म्हणाली.

"तीच चूक झाली. तू काठी धरलीस अन् त्यानं काठी धरली. म्हंजी त्यानं तुलाच धरलं की. जवळच्या मान्साफुडं काठी म्हंजी आपनच त्याच्या हातात दिल्यालं दावं."

सावळीरामला हे लागलं. कप खाली ठेवून तो म्हणाला, "पैलवान, माझ्या आज्याला या आळीतनं मान वर करून चालता येत नव्हतं. वस्तीत पथक उभं राह्यलं, हातात काठी आली, तवा आमची पाठ सरळ झाली. ती आता सोड म्हनू का मी हिला?"

चिमाजी बराच वेळ दोराचा पीळ बोटांनी चाचपत राहिला.

"काठीला मी नावं ठिवत नाय," तो म्हणाला. "तुझ्या काठीला तर नायच." त्याने आपलं वाकडं मनगट थोडंसं उचललं आणि परत मांडीवर ठेवलं. "काठीला चार हात जागा लागती. ती असली तर काठीसारखं दुसरं काय नाय. पन असला मानूस जागा देत नाय, बोलत बोलत जवळ येतो. पाठ सरळ राहायला तिच्याकडं काठी राहू दे. हात सोडवायला दुसरं शिकू दे."

"शिकवताल?"

"बाई मानूस तालमीत येत नाय." तो उठला. "पन खळं रिकामं हाय. यंदा काय मळनी व्हनार हाय तवा."

घरामागे खळं होतं. चिमाजीने जुना पेंढा आणून पसरला. मग सावळीरामला म्हणाला, "मी सांगन. हात मातर तिच्या हाताला लावनार नाय. गावाला तोंड हाय. धरायचं तू."

"मी?"

"मंग कोन? गडी मानूसच धरनार हाय तिला. तर गडी मानसाच्या हातातनं सुटायला शिकायचं."

तेजलने उजवा हात पुढे केला. सावळीरामने तो धरला. आठ-नऊ वर्षांची झाली तेव्हापासून त्याने तिचा हात असा धरला नव्हता. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मनगट रुंद होतं आणि हाड कठीण. बांगडीच्या जागी कंपनीतल्या चिकटपट्टीने कापल्याची बारीक खूण होती. ती त्याला आजवर माहीत नव्हती.

"आण्ना, घट धरा."

"धरलाय की."

"सावळ्या," चिमाजी म्हणाला, "तू काय तिला शाळंत सोडायला निघालास का?"

बयाबाई फिसकन हसली. तेजलही हसली. सावळीरामने पकड आवळली.

"आता बघ पोरी. त्याची चार बोटं एकीकडून अन् आंगठा एकीकडून. जितं आंगठा बोटांना भेटतो तितं पकडीला दार असतं. मागं वढायचं नाय. दाराकडं हात फिरवायचा अन् कोपर आपल्या पोटाशी घ्यायचं. नुसता हात नाय, सगळं आंग फिरलं पायजे."

तिने ओढलं. सुटला नाही. पुन्हा ओढलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं तसं सावळीरामने हात सोडून दिला.

"सोडायचं नाय," चिमाजीचा आवाज चढला. "ती सुटली पायजे. तू सोडलास तर ती काय शिकली? तो सोडनार हाय का?"

सावळीरामने पुन्हा धरलं. दर रविवारी आणि मधल्या दिवसांत कामावरून आल्यावर, खळ्यात कंदील लावून, तो लेकीला धरत होता. दिवसभर टिकाव मारून त्याची बोटं लाकडासारखी झालेली असत. तीच बोटं तिच्या हाडावर आवळायची आणि तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. खाली पेंढ्याकडे बघायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

एके दिवशी घरी लताबाईने कंदिलाच्या उजेडात लेकीचं मनगट पाहिलं. निळे-काळे वळ उठले होते.

"हे बापानंच केलं व्हय?" तिने विचारलं. सावळीराम दारात बसला होता. त्याने पाठ फिरवली. लताबाईने हळद तेलात गरम केली आणि लावायला घेतली. हाताने चोळत होती आणि तोंडाने नवऱ्याला, पैलवानाला, ओढ्याला, पावसाला एकेकाला बोलत होती. मग मध्येच थांबून तिने आपला हात लेकीपुढे केला. "मला दाव बरं कसं करायचं ते."

तेजलने दाखवलं. तिसऱ्या खेपेला लताबाईचा हात सुटला, आणि त्या भरात तेलाची वाटी कलंडली. मायलेकी हसत सुटल्या. सावळीराम तसाच पाठमोरा बसून ऐकत राहिला.

नंतर आठवडाभराने खळ्यात तेजलचं मनगट त्याच्या मुठीतून असं निसटलं, की त्याची बोटं रिकामीच मिटली. काय झालं ते त्याला आधी कळलंच नाही. तेजल दोन पावलं मागे उभी होती, धापा टाकत.

"परत," चिमाजी म्हणाला.

परत निसटलं. सावळीरामने सगळा जोर लावला तरी निसटलं. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आपला जोर कमी पडल्याचं त्याला बरं वाटलं.

मग पडायचं कसं ते आलं. हनुवटी छातीशी, खांद्यावरून, लोळत. चिमाजी स्वतः पेंढ्यात पडून दाखवी आणि उठताना कमरेवर हात ठेवी. ते झाल्यावर तो म्हणाला, आता मागून धरल्यावरचं. मानेभोवती हात टाकायचा.

सावळीराम लेकीच्या मागे जाऊन उभा राहिला. हात उचलला आणि तो तसाच राहिला. चिमाजीने तोंड बाजूला वळवलं.

"सरा तिकडं," बयाबाई म्हणाली. गोवऱ्या थापून आली होती, हात शेणाचेच. ते लुगड्याला पुसत ती खळ्यात उतरली. "मी धरते. दोघं बापयगडी तिकडं बसा."

साठीची बाई, पण जन्मभर लांबून पाणी वाहून तिचे खांदे दगडासारखे झाले होते. तिने मागून धरलं तेव्हा तेजल पहिल्यांदा खरीच घाबरली. मग खाली बसून, कोपर मारून, कशीबशी सुटली.

"सुटलीस," बयाबाई म्हणाली. "आता वरड."

तेजलने तोंड उघडलं. आवाज निघाला तो शेजारणीला हाक मारल्यासारखा.

"असं नाय. गावाला ऐकू जाईल असं."

तिने पुन्हा केलं. जमेना. पडायला, मागून सुटायला ती आठ दिवसांत शिकली. पण ओरडायची पाळी आली की आवाज गळ्यातच आखडायचा. जोरात हसायचं नाही, जोरात बोलायचं नाही, हे तिला लहानपणापासून घरानेच शिकवलं होतं. त्यात सावळीरामही होताच.

बयाबाईने पदर खोचला. "बाजरीत कवा पाखरं राखलीस का?"

"ल्हान असताना. आज्यासंगं."

"मंग ते वरड. मानसं बिनसं इसर. पाखरं आली म्हन." आणि म्हातारीने मान मागे टाकून अशी हुर्र्याची आरोळी ठोकली, की आळीतली कुत्री भुंकायला लागली. मागोमाग तेजलची आरोळी निघाली. आधी चिरकी, मग भरदार. दोघी आळीपाळीने ओरडत राहिल्या. शेजारची दोन-चार माणसं कुडावरून डोकावली. चिमाजी त्यांना म्हणाला, "काय नाय. पाखरं राखाया बसल्यात."

"शेवटाला एकच," तो तेजलकडे वळून म्हणाला. "सुटलीस की थांबायचं नाय. त्याला मारत बसायचं नाय, शिव्या द्यायच्या नाय. पळायचं. कुस्तीत पळ काढला की हार. हितं तीच जीत."

माघात सावळीरामने तिला विचारलं, काठी न्यायची का? ती म्हणाली, सकाळच्या वाटेला कुत्री असतात, तेवढी फाट्यापर्यंत तुम्हीच घ्या, आण्णा. तो ती घेऊन तिच्याबरोबर चालायचा आणि ती जीपमध्ये बसली की कामावर जायचा.

फाल्गुनात रोजगार हमीचं रस्त्याचं काम ओढ्याच्या अलीकडे येऊन पोचलं. लताबाई वीस बायांबरोबर तिथे खडी फोडत होती. सावळीराम अजून पाझर तलावावरच होता. एका मंगळवारी तो दिवस मावळायला घरी आला तेव्हा अंगणात बायाच बाया बसल्या होत्या, आणि मधोमध धनराजची मोटारसायकल पडली होती.

त्याचे पाय तिथेच थांबले. मग बायांच्या मध्ये बसलेली तेजल दिसली. केस सुटलेले, अंगावर ओढणी नाही, आईचं फडकं गुंडाळलेलं. गालाला वाळू चिकटलेली. ती पाणी पीत होती.

"लागलं का?" त्याने विचारलं.

"खांद्याला. पडल्यावर."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. लताबाईने त्यांना गप्प केलं. "तिला सांगू द्या."

तेजलने पेला खाली ठेवला. "ट्रॅक्टर नव्हता, एकलाच व्हता. म्हनला, आज काठी नाय का? अन् हात धरला. हा." तिने उजवं मनगट दाखवलं. "मी डब्याची पिशवी सोडली. दाराकडं फिरवला, तसा सुटला. त्याला कळलंच नाय, नुसता बघत राह्यला. मंग त्यानं वढनी धरली. ती सोडली. मंग येनी धरली मागनं. येनी कशी सोडू, म्हनून मी खालीच बसले एकदम, अन् लोळले. तो माझ्यावरनं तोंडघशी गेला वाळूत. मी उठले अन् पळाले."

"अन् वरडली," एक बाई म्हणाली.

"हुर्र्या म्हनून," लताबाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, तरी सांगताना तिला हसू येत होतं. "आमी सगळ्या हातोडे घेऊन बसलेलो. मी म्हनलं, यंदा रानात एक कनीस नाय, पाखरं कोन हाकतंय? मंग वळखलं. उठलो तशाच पळालो. हातोडे हातातच."

धनराजने बाया येताना पाहिल्या, गाडीला दोन लाथा मारल्या, ती सुरू झाली नाही, आणि तो बाभळीतून पळाला. बायांनी गाडी ढकलत गावभर मिरवून इथे आणून टाकली होती.

सावळीराम कामावरून आणलेली काठी खुंटीला लावायला घरात गेला आणि ती घेऊनच वळला. बाहेर येताना त्याचे डोळे दुसरीकडेच होते. बायांनी वाट दिली. तेजल मात्र उठून समोर उभी राहिली.

"आण्ना, नका जाऊ."

"सर."

"तुमी त्याचं डोस्कं फोडलं, तर उद्या गाव तुमचंच बोलंल. सावळीरामनं काठी घातली म्हनंल. मी सुटले हे कोनी सांगनार नाय." तिने काठीला हात लावला नाही. नुसती उभी राहिली. "तुमी जेलात, मी घरात. मंग कंपनीत कोन जाईल?"

तो उभा होता. मग काठी आडवी ठेवून तो उंबऱ्यावर बसला. पंधरा वर्षांपूर्वी बापाच्या गळ्यावरचा हात दिसला तेव्हा त्याने विचार केला नव्हता. आज लेकीने त्याला विचार करायला लावला, आणि ते त्या दिवसापेक्षा जड गेलं. तो तोंड झाकून रडला. तेजल त्याच्या शेजारी टेकून बसली. एकेक करून बाया उठल्या.

दुसऱ्या दिवशी दोन जीप भरून माणसं सिन्नरला गेली. त्या दिवसाचं काम बुडवून चौदा बाया आल्या. चिमाजी आला, बयाबाई आली. ठाण्यात एका बाई हवालदाराने सगळं लिहून घेतलं. तिने विचारलं, तुला मारलं का? तेजल म्हणाली, नाही. मग तू त्याला मारलंस का? नाही. बाईने लिहायचं थांबून वर पाहिलं. "मग सुटलीस कशी?" तेजलने सांगितलं. बाईने पेन ठेवलं आणि टेबलाखाली स्वतःचंच मनगट दुसऱ्या हाताने धरून फिरवून पाहिलं. ते सावळीरामला दिसलं.

धनराजला दोन दिवस आत ठेवलं. मग जामिनावर सुटला आणि नामपूरला मामाकडे गेला. केस चालू राहिली. गावात दोन्ही बाजूंनी लोक बोलले. लताबाईच्या भावाने आणलेलं स्थळ मागे फिरलं. पोरगी फार धीट आहे म्हणे. लताबाईने दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गेलं ते बरं झालं. पळपुटंच व्हतं." धनराजच्या बापाने चिमाजीकडे माणूस पाठवला, की आपल्या आळीतला असून वस्तीच्या बाजूने का उभा राहतोस. चिमाजीने काय उत्तर दिलं ते सावळीरामला बयाबाईकडून कळलं. तो एवढंच म्हणाला होता, "आधी एकदा दुसऱ्या बाजूनं उभा राह्यलो व्हतो. हात मोडला."

चैत्रात पाझर तलावाचं काम बंद पडलं आणि सावळीरामच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. त्याला फाट्यावर जावंसं वाटे. पण तेजलने बजावलं होतं, सकाळी या, संध्याकाळी नको. पहिल्या दिवशी तो घरातच येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी लताबाईने त्याला बाहेर काढलं.

तो वरच्या आळीला चढला. चिमाजी खळ्याच्या कडेला दगडावर बसला होता. तिथून ओढा आणि पलीकडची फाट्याची वाट सगळी दिसे. सावळीराम शेजारच्या दगडावर बसला. ऊन उतरत होतं. बयाबाई आतून दोन कप घेऊन आली, ठेवून गेली.

"हात दुखतो का अजून?" सावळीरामने विचारलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"थंडीत," चिमाजी म्हणाला. त्याने चहा फुंकला. "तुझा बाप लय किडकिडीत व्हता रे. गळा धरला तवा माझ्या मुठीत आला सगळा. मला तवाच सोडायचं व्हतं. सोडता येईना. तेवढ्यात तू आलास."

सावळीरामने त्याच्या मनगटाकडे पाहिलं. त्याने कप उचलला आणि परत ठेवला.

"जीप आली का?" चिमाजीने डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"फुफाटा दिसतोय."

दोघं बघत राहिले. फाट्यावर जीप थांबली, निघून गेली. धुळीतून एक ठिपका सुटा झाला आणि वाटेला लागला. पिशवी दिसली, मग ओढणी. ओढ्याच्या तोंडाशी ती आली तसा सावळीराम दगडावरून अर्धवट उठला. चिमाजीने कप तोंडाजवळ तसाच धरला होता. ती दरडीखाली उतरली आणि दिसेनाशी झाली.

मग अलीकडच्या काठावर डोकं वर आलं, खांदे आले. वर आल्यावर ती थांबली. वाकून पायातली चप्पल काढली, वाळू झटकली, पुन्हा घातली. कोणाकडे न बघता, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत असावी अशा संथ चालीने ती गावाकडे निघाली.

"च्या निवलाय," चिमाजी म्हणाला. "पी आता."